हिरेचोरीचे साठच्या दशकातले युरोपियन पिक्चर : कमी पैसा आणि हातांचं काम

रात्रपाळी :

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून एक नाद लागलाय. साठच्या दशकातले युरोपातले हिरेचोरीचे पिक्चर शोधून शोधून बघतोय. इटली, स्पेन, पश्चिम जर्मनी, फ्रान्स असे दोन-तीन देश मिळून थोडे थोडे पैसे घालायचे, प्रत्येक देशाचा एकेक नट घ्यायचा, हॉलिवूडचा एखादा वय झालेला स्टार आणायचा आणि त्यातून जे उभं राहील ते सगळीकडे वेगवेगळ्या भाषांत विकायचं, अशी ही पद्धत. मराठीत ह्यावर कुणी फार लिहिलेलं दिसलं नाही म्हणून धागा काढतोय. शेवट सांगणार आहे, ज्यांना बघायचे आहेत त्यांनी आधी बघून या.

माझी सुरुवात झाली ती १९६७ च्या 'आद ओन्यी कोस्तो' पासून, इंग्रजीत 'ग्रँड स्लॅम'. दिग्दर्शक ज्युलियानो मोंताल्दो, संगीत एन्नियो मोरिकोने. रिओ द जानेरोतल्या एका शाळेत तीस वर्षं शिकवून एक प्रोफेसर रिटायर होतो, पोरं गाणं म्हणून निरोप देतात. शाळेच्या समोरच हिऱ्यांच्या कंपनीची बिल्डिंग आहे, आणि इतकी वर्षं खिडकीतून बघून बघून ह्या माणसाला पाठ झालंय की वर्षातून दोनदा तिथे माल येतो, कसा येतो, कोण आणतं, किती वेळ लागतो. एडवर्ड जी. रॉबिन्सननी केलाय हा प्रोफेसर. तिथून तो न्यूयॉर्कला जातो, लहानपणीच्या दोस्ताकडे. हा दोस्त आता मोठा गुंड झालाय आणि त्याच्याकडे गुन्हेगारांची कार्डं लावून ठेवलीयत, लायब्ररीत असतात तशी. त्यातून चार माणसं निवडतात. एक तिजोरी उघडणारा, एक यंत्रातला, एक लष्करी शिस्तीचा जर्मन, आणि एक देखणा फ्रेंच ज्याचं काम एवढंच की कंपनीतल्या सेक्रेटरीला पटवून तिच्याकडची किल्ली मिळवायची. एक कोटी डॉलरचे हिरे, आणि दिवस कुठले तर रिओच्या कार्निवलचे.

आता मुद्दा. तिजोरीला जो अलार्म आहे त्याचं नाव ग्रँड स्लॅम ७०, आणि तो आवाजावर चालतो. जरा खुट्ट झालं की संपलं. बाहेर अख्खं शहर ढोल बडवतंय आणि आत चार माणसांना श्वाससुद्धा जपून घ्यायचाय. ह्यावर उपाय काय काढतात तर दाढीचा फेस! लेझर नाही, कॉम्प्युटर नाही, कुठल्याही न्हाव्याकडे मिळेल अशी वस्तू. मी त्या सीनला खुर्चीच्या टोकावर येऊन बसलो होतो आणि मग लक्षात आलं की गेली पंधरा मिनिटं मी कुणाचा चेहरा बघतच नाहीये, नुसते हात बघतोय. ह्या पिक्चरांची सगळी ताकद मला तिथे वाटते. पैसे नव्हते म्हणून स्फोट नाहीत, पाठलाग नाहीत, मग उरलं काय तर काम. एखादा सुतार रंधा मारताना आपण उभं राहून बघतो तसं ते बघत राहावंसं वाटतं.

तुम्ही कुठले बघितलेत? आणि माझं हे म्हणणं पटतं का, की कमी पैशामुळेच हे पिक्चर चांगले झाले?


निनाद७१ :

वा, मस्त विषय. पण ह्याचं मूळ साठच्या दशकात नाहीये, १९५५ मध्ये आहे. ज्यूल्स दासँचा 'रिफिफी'. ते आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

दासँ अमेरिकन, कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत गेला, काही वर्षं हाताला काम नाही, युरोपात आला आणि जेमतेम दोन लाख डॉलरमध्ये हा पिक्चर केला. पॅरिसमधलं जवाहिऱ्याचं दुकान, वरच्या मजल्यावरच्या घरातून जमीन फोडून खाली उतरायचं. सुमारे अर्धा तास एक शब्द नाही, संगीताचा एक सूर नाही. जॉर्ज ओरिकनी त्या भागासाठी संगीत लिहून तयार ठेवलं होतं, पण दोन्ही तऱ्हांनी बघितल्यावर तोच म्हणाला की संगीत नको.

त्यातली छत्री आठवते का कुणाला? जमिनीला आधी मुठीएवढं भोक पाडतात, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि खाली गेल्यावर ती उघडतात, म्हणजे पुढचा सगळा गिलावा छत्रीत पडतो, खाली दुकानाच्या फरशीवर आवाज होत नाही. अलार्मच्या घंटेत आग विझवायचा फेस भरतात. मधेच एकाचा हात पियानोच्या पट्टीला लागतो, एकच सूर निघतो आणि सगळे जागच्या जागी थिजतात. रात्रपाळी, तुमचा दाढीचा फेस ह्या फेसाचाच धाकटा भाऊ आहे.

दासँनी स्वतः त्यात इटालियन तिजोरीवाल्याचं काम केलंय, वेगळ्या नावानं, आणि सगळा घोटाळा होतो तो त्याच्याचमुळे. जाता जाता एक अंगठी उचलतो आणि गाणाऱ्या बाईला देतो. एवढा अर्धा तास श्वास रोखून केलेलं काम एका अंगठीपायी जातं.

आणि 'रिफिफी' ह्या शब्दाचा अर्थ चोरी वगैरे नाही, फ्रेंच बोलीत तो आपल्या 'राडा' च्या जवळ जातो. पुढे साठच्या दशकात तो कशालाही चिकटवला. १९६२ मध्ये डच लोकांनी 'रिफिफी इन ॲमस्टरडॅम' काढला, १९६३ मध्ये जाक दरेनी 'रिफिफी टोकियो', त्यात टोकियोच्या बँकेतला हिरा. १९६६ मध्ये इटालियन सेर्जो ग्रिएकोनी परत ॲमस्टरडॅम. स्पेनमध्ये हेसूस फ्रांकोनी 'रिफिफी शहरात' काढला ज्यात धड दरोडापण नाही. नावावर तिकीट खपायचं.


साउंडवाला :

मी डबिंगमध्ये काम करतो, अंधेरीला, एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे ह्या शांततेबद्दल मला एक वेगळी गोष्ट सांगायचीय.

त्या काळी इटलीत सेटवरचा आवाज फायनलला वापरायचेच नाहीत. कॅमेरा चालू, नट आपापल्या भाषेत बोलतोय, एक इंग्रजीत, दुसरा जर्मनमध्ये, तिसरा इटालियनमध्ये, आणि समोरच्याचं वाक्य संपलं की आपलं सुरू करायचं. सगळं नंतर स्टुडिओत भरायचं. आणि को-प्रॉडक्शन म्हणजे तीन-चार भाषांत तरी डबिंग आलंच, प्रत्येक भाषेचे वेगळे आवाज, वेगळा दिग्दर्शक, वेगळा स्टुडिओ, आणि ओठ जुळवायची मारामारी. तुम्ही त्या पिक्चरांमधले साधे बोलण्याचे सीन बघा, हॉटेलात बसून प्लॅन ठरवतायत वगैरे, आवाज चेहऱ्यापासून अर्धा फूट लांब उभा आहे असं वाटतं. आम्ही त्याला आवाज बसला नाही म्हणतो.

आणि मग चोरी सुरू होते आणि कुणी बोलतच नाही. तो भाग सगळ्या भाषांना एकच! ओठच हलत नाहीत तर जुळवायचं काय. फक्त फोली, म्हणजे पावलं, हत्यारं, कपड्यांची सळसळ, आणि ती एकदाच करायची, ती रोममध्येही चालते आणि हॅम्बुर्गमध्येही चालते. म्हणून मला नेहमी वाटतं की निर्मात्याला तो भाग जास्तीत जास्त लांब असलेला परवडत असणार. आणि प्रेक्षकाला काय मिळतं तर अख्ख्या पिक्चरमध्ये फक्त तेवढाच भाग जिथे आवाज आणि चित्र पूर्ण एकजीव आहे. म्हणून तिथे आपण आपोआप पुढे सरकून बसतो. गोष्टीमुळे तर खरंच, पण कानामुळेही.

फोलीवाल्याच्या हातात असले सीन आले की तो दिवस सणासारखा असतो. आमच्याकडे एक जण होते, आता नाहीत, ते कुलूप उघडायचा आवाज तीन वेगळ्या वस्तूंनी करायचे. किल्ली आत जाताना जुन्या पेटीचा खिट्टा, फिरवताना सायकलची चेन, आणि शेवटचा खट् मात्र जिभेने. डोळे मिटून ऐकलं तर कडी निघाल्याशिवाय राहायची नाही.


मृदुला_के :

धागा आवडला, पण एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते.

'ग्रँड स्लॅम' मध्ये जॅनेट लीनी ती सेक्रेटरी केलीय, मेरी ॲन. चष्मा, घट्ट बांधलेले केस, कुणाशी जास्त बोलणं नाही. टोळीच्या दृष्टीनं ती माणूसच नाही, दुसरं कुलूप आहे. एक कुलूप तिजोरीवाला उघडणार आणि हे दुसरं तो फ्रेंच पोरगा उघडणार. ती सहजासहजी बधत नाही आणि त्याची चिडचिड होत जाते, ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फार लागलं होतं, म्हणजे एकट्या बाईची अशी परीक्षा बघायची, तिच्या एकटेपणाचा वापर करायचा.

आणि मग शेवट. सगळे मरतात, हिऱ्यांची पेटी उघडतात तर रिकामी. रोममध्ये उघड्यावरच्या कॅफेत प्रोफेसर बसलाय आणि त्याच्यासमोर कोण तर मेरी ॲन. हिरे तिच्याकडे. सुरुवातीपासून ती ह्यात होती. ते कळल्यावर मी पिक्चर परत पहिल्यापासून लावला. आता तो फ्रेंच पोरगा तिला जेवायला बोलावतो तेव्हा ती जे क्षणभर थांबते, ते थांबणं वेगळंच दिसतं. दुसऱ्यांदा बघताना सगळे पुरुष मूर्ख दिसतात आणि एकटी तीच काम करत असते.

१९६० च्या 'सायको' मध्ये चाळीस हजार डॉलर घेऊन पळणारी बाई हीच होती हे १९६७ च्या प्रेक्षकाला माहीत होतं. तरीपण चष्म्यामुळे फसले.

रात्रपाळी, तुम्ही हात बघत होतात म्हणालात. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा तिचा चेहरा बघा.


रात्रपाळी :

@मृदुला_के, हे वाचून काल परत लावला. खरंय. मी पहिल्या वेळी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, मी पण त्या चौघांसारखाच तिला किल्ली समजलो. धन्यवाद.

@साउंडवाला, हे असं कधीच डोक्यात आलं नव्हतं. तुमच्या त्या फोलीवाल्या काकांबद्दल अजून लिहा ना, वेगळा धागा काढा.


निनाद७१ :

मला मूळ मुद्द्यावर थोडं भांडायचंय. कमी पैशामुळे चांगले झाले हे सरसकट म्हणता येणार नाही. 'ग्रँड स्लॅम' तसा गरीब नाहीये. रॉबिन्सन आहे, जॅनेट ली आहे, क्लाउस किन्स्की आहे, आडोल्फो चेली आहे जो दोनच वर्षांपूर्वी बाँडपटात खलनायक होता. खरे हलाखीतले बघायचे तर त्याच साली मिकेले लुपोचा 'कोल्पो माएस्त्रो' बघा, रिचर्ड हॅरिसनचा. वेस्टर्नमध्ये किरकोळ कामं करणारा नट, हिऱ्यांच्या कंपनीतल्या एका माणसासारखा दिसतो म्हणून त्याला चोरीत ओढतात. बघायला मजा येते, पण त्यात हातांचं काम असं फार नाही, सगळा खेळ तोंडवळ्याचा. किंवा जीनो मांजिनीचा 'हिरे, जे कुणालाच चोरायचे नव्हते', त्यात डेना अँड्र्यूज आणलाय. म्हणजे पैसे नसले की आपोआप शांतता आणि कारागिरी येते असं नाही. पैसे नसले की बहुतेक वेळा चोरीच आखडती घेतात, कारण नीट दाखवायची तर सेट लागतो, हत्यारं लागतात, आणि सगळ्यात महाग म्हणजे वेळ लागतो. दासँ तर ऊन पडलं की शूटिंगच करायचा नाही, त्याला पॅरिस करडंच हवं होतं. हा हट्ट आहे, आणि हट्टाला पैसे लागतात किंवा मग निर्मात्याशी भांडायची तयारी.

अजून एक, 'ग्रँड स्लॅम' मध्ये रॉबिन्सन सुरुवातीला आहे आणि शेवटी आहे, मधल्या चोरीत तो जवळपास नाहीच. ही खरी काटकसर. मोठ्या नटाच्या थोड्या तारखा घ्यायच्या, पोस्टरवर नाव सगळ्यात वर टाकायचं, आणि मधलं ओझं बाकीच्यांनी उचलायचं.


रात्रपाळी :

पटलं. मग असं म्हणतो की पैसा कमी आणि दिग्दर्शक हट्टी, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तिथे हे पिक्चर जमले. मोंताल्दोचं पुढचं काम बघा, १९७१ ला त्यानं 'साक्को ए व्हांझेत्ती' केला, अमेरिकेत फाशी दिलेल्या, खरं तर विजेच्या खुर्चीत मारलेल्या दोन इटालियन कामगारांवर. त्यासाठी कान महोत्सवात नटाचं बक्षीस कुणाला मिळालं तर रिकार्दो कुच्चोलाला. आणि हा कुच्चोला म्हणजे 'ग्रँड स्लॅम' मधला तो यंत्रातला माणूस आगोस्तिनो, टोळीतला सगळ्यात साधा, ज्याला एक ब्राझिलियन मुलगी आवडते आणि आपल्याला वाटत राहतं हा तरी सुटावा. हिरेचोरीच्या पिक्चरमध्ये मोंताल्दोला तेव्हाही कामगारच दिसत होता असं मला वाटतं. चौघांना नेमून दिलेली कामं, आणि मालक न्यूयॉर्कमध्ये बसून आधीच ठरवून मोकळा झालाय की काम झालं की माणसं संपवायची.


अँटवर्पवासी :

मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं अँटवर्पला आहे, सॉफ्टवेअरमध्ये, हिऱ्यांशी काही संबंध नाही. पण ऑफिसला जाताना रोज सेंट्रल स्टेशनशेजारच्या त्या हिऱ्यांच्या गल्ल्यांवरून जातो. लोकांना वाटतं काहीतरी झगमगाट असेल. काही नाही, साध्या करड्या ऑफिसच्या बिल्डिंगी, गाड्या अडवायला रस्त्यात खांब, कॅमेरे, आणि कानावर पडते ती गुजराती. पालनपूरकडची जैन कुटुंबं साठच्या दशकापासून इथे यायला लागली, आता धंद्याचा मोठा भाग त्यांच्याकडे आहे. सकाळी ठेपल्याचा वास येतो तेव्हा आईच्या शेजारच्या बेन आठवतात.

फेसाचं वाचलं आणि राहवलं नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये इथे डायमंड सेंटरमध्ये जी चोरी झाली ती ह्या पिक्चरांच्या घराण्यातली आहे. लिओनार्दो नोतारबार्तोलो नावाचा इटालियन, त्यानं दोनेक वर्षं आधीपासून त्याच बिल्डिंगमध्ये ऑफिस भाड्यानं घेतलं होतं, हिऱ्याचा व्यापारी म्हणून, त्यामुळे त्याचा स्वतःचाही लॉकर खालच्या तिजोरीत होता. म्हणजे तुमचा प्रोफेसर खिडकीतून बघत होता, हा आतूनच बघत होता. जमिनीखाली दोन मजले तिजोरी, शरीराची उष्णता ओळखणारा सेन्सर. त्यावर एक दिवस आधी काय मारलं तर केसांचा स्प्रे! बारीक थर बसला आणि सेन्सर आंधळा झाला. उजेडाच्या सेन्सरवर चिकटपट्टी. शंभरावर लॉकर फोडले, दहा कोटी डॉलरच्या वर माल गेला आणि त्यातला बहुतेक अजून सापडलेला नाही.

आणि पकडले कसे गेले? हायवेच्या कडेला झाडीत कचरा टाकला, त्यात अर्धवट खाल्लेलं सलामीचं सँडविच होतं. त्या जमिनीच्या मालकाला लोक कचरा टाकतात ह्याचा आधीपासून वैताग होता, त्यानं पोलिसांना फोन केला. 'रिफिफी' मध्ये अंगठी, इथे सँडविच. नोतारबार्तोलोला दहा वर्षांची शिक्षा झाली.

मी एकदा बायकोला घेऊन त्या बिल्डिंगसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली दोन वर्षं रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसांना गुड मॉर्निंग म्हणत होता ना हा, ते कसं जमलं असेल. मला तेव्हापासून पिक्चरमधल्या तयारीच्या भागाकडे बघताना तेच आठवतं.


गिरगावकर :

मी सहसा नुसता वाचतो, पण इथे लिहायलाच हवं. ऑपेरा हाऊसला हिऱ्यांच्या एका ऑफिसात चौतीस वर्षं काम केलं, आधी ऑफिस बॉय, मग असॉर्टिंगला, म्हणजे हिरे निवडून वेगळे करायला. हे पिक्चर बघितले नाहीत, 'ज्वेल थीफ' तेवढा थेटरात बघितलाय. पण हिऱ्यांबद्दल सांगतो.

पहिली गोष्ट वजन. एक कॅरेट म्हणजे पाव ग्रॅमपण नाही, ०.२ ग्रॅम. पाच हजार कॅरेट म्हणजे एक किलो. आमच्याकडे लाखोंचा माल कागदाच्या पुडीत असायचा, पाच-सहा घड्या घातलेली पुडी, वर पेन्सिलीनं वजन लिहिलेलं, आणि ती शर्टाच्या खिशात. सोन्याचं तसं नाही.

दुसरी गोष्ट, कच्चा हिरा चमकत नाही. पिक्चरमध्ये पेटी उघडली की डोळे दिपतात, तसं काही नसतं. कच्चा माल तुरटीच्या खड्यांसारखा दिसतो, थोडा तेलकट. चमक येते ती पैलू पाडल्यावर. आणि माल बघायचा तो उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, चिमट्यानं उचलून, आयग्लास डोळ्याला लावून. ट्यूबलाइटखाली बघून कुणी सौदा केला तर शेठ ओरडायचे.

तिसरी गोष्ट, हिरा सगळ्यात कठीण असतो हे खरं, पण तो ठिसूळपण असतो. चुकीच्या जागी टोला बसला की उभा चिरतो. लोखंडावर ठेवून हातोडा मारला तर खरा हिरा फुटत नाही असं जुने लोक सांगतात, त्या नादात किती जणांनी खरे हिरे फोडले असतील देव जाणे.

आणि एक. खडा खाली पडला की ऑफिसमधलं सगळं थांबायचं. जो जिथे उभा आहे तिथेच उभा राहणार, पाय उचलायचा नाही, कारण चपलेला चिकटून बाहेर जाऊ शकतो. मग एक जण गुडघ्यावर बसून हातानं जमीन चाचपत यायचा. पंखे बंद. निनाद यांनी पियानोचा सूर निघाल्यावर सगळे थिजतात लिहिलंय ना, ते वाचून मला ऑफिसच आठवलं. संध्याकाळचा केरसुद्धा लगेच बाहेर टाकायचा नाही, चाळून बघायचा.


निनाद७१ :

गिरगावकर काका, फार सुंदर लिहिलंत. ठिसूळपणावरून, १९६५ मध्ये निकोलस गेस्नेरचा एक पिक्चर आहे, क्लोद रिश आणि जीन सीबर्ग, फ्रेंच नाव 'अब्ज बिलियर्डमध्ये' अशा अर्थाचं, आणि इंग्रजीत नाव काय तर 'डायमंड्स आर ब्रिटल'. ठिसूळच!

आणि तुमच्या वजनाच्या मुद्द्यानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. १९६५ चाच मार्को विकारियोचा 'सेत्ते वोमिनी दोरो', सात सोनेरी माणसं, जिनिव्हाच्या बँकेतलं सोनं. एक वीट साधारण साडेबारा किलोची. त्यामुळे तिथे सात माणसं लागतात, रस्ता खणायचं सोंग लागतं, यंत्रं लागतात, ट्रक लागतो, अख्खा पिक्चर म्हणजे ओझी हलवायचं काम. हिऱ्याच्या पिक्चरमध्ये माल उचलायला काहीच कष्ट नाहीत, सगळे कष्ट मालापर्यंत पोचायचे. आणि एकदा हातात आला की तो इतका हलका की कुणाच्याही खिशात जाऊ शकतो. म्हणून हिऱ्याच्या पिक्चरमध्ये संशय आणि दगा जास्त असतो. सोनं एकट्याला पळवता येत नाही. हिरे येतात.


मृदुला_के :

म्हणूनच मेरी ॲनच्या पर्समध्ये एक कोटी डॉलर मावले. विटा असत्या तर तिला त्या चौघांचीच गरज लागली असती.


साउंडवाला :

काका, कच्च्या हिऱ्यांची पुडी उघडताना आवाज कसा येतो? म्हणजे खडे कागदावर सरकताना. आम्ही असले सीन आले की काचेचे मणी वापरतो, पण ते मला कधी पटलं नाही.


गिरगावकर :

मण्यांपेक्षा खूप कोरडा. खडीसाखर बारीक करून बटर पेपरवर सरकवून बघा, आणि अगदी थोडी. जास्त घेतली की किराणा दुकान होतं. आणि पुडीचा आवाज कागदाचा जास्त असतो, खड्यांचा कमी. आतला पातळ कागद असतो ना, त्याची सळसळ. तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो.


रात्रपाळी :

काका, एक विनंती. 'ग्रँड स्लॅम' बघाच. शेवटी रोममध्ये काय होतं ते मृदुलांनी पूर्ण सांगितलेलं नाही, मीही सांगत नाही. बघून झालं की इथे लिहा.


गिरगावकर :

काल रात्री बघितला. नातवानं टीव्हीला जोडून दिला, खाली इंग्रजी अक्षरं होती, त्यातलं निम्मं त्यानं सांगितलं आणि चोरीच्या भागात सांगायची गरजच पडली नाही. बायको अकराला झोपते, ती एकपर्यंत बसली.

प्रोफेसरचं काम मला फार आवडलं. तीस वर्षं समोरच्या बिल्डिंगकडे बघणारा माणूस मी बघितलाय, आमच्या समोर चहावाला होता, त्याला कुठल्या मजल्यावर कधी माल आला हे आमच्या आधी कळायचं. किती चहा वर गेले त्यावरून. भला माणूस होता, कधी कुणाचं वाकडं केलं नाही.

शेवटी मोटरसायकलवरून पोरगा येतो आणि बाईची पर्स ओढून नेतो, त्याला बिचाऱ्याला माहीतपण नाही आत काय आहे. बायको ओरडली, अगं पर्स मांडीत धरून बसावं ना! मी मात्र गप्प झालो, मला आमचा आंगडिया आठवला, म्हणजे माल पोचवणारा माणूस. सुरतेहून रात्रीच्या गाडीनं यायचा, माल सगळा आतल्या बंडीच्या खिशांत, पोटाला लागून. आणि हातात कायम एक कापडी पिशवी, ती मात्र कधी खाली ठेवायचा नाही, छातीशी धरून बसायचा. एकदा सकाळी ऑफिसात आला तेव्हा मी ती पिशवी उचलली, तर हलकी. आत जेवणाचा रिकामा डबा आणि टॉवेल. मी म्हटलं मग ही एवढी जपून कशाला धरता? तर म्हणाला, कोणाला ओढायचंच असेल तर तो ही ओढेल.